अक्षतांच्या वेळी कॅमेऱ्यामागे कोण असेल? सोलापुरात आपल्या बजेटात लग्नाचा छायाचित्रकार निवडताना

लग्नघरात छायाचित्रकाराचा विषय बहुधा सर्वांत शेवटी निघतो. कार्यालय ठरते, आचारी ठरतो, बस्ता बांधून होतो, पत्रिका छापायला जातात आणि मग उरलेल्या रकमेकडे पाहून "फोटोचे नंतर बघू" असे घरातले कोणीतरी म्हणते. तोपर्यंत त्या तिथीला शहरातील चांगले छायाचित्रकार गुंतलेले असतात. जे मोकळे असतात त्यांच्यातून घाईने निवड करावी लागते, आणि घाईत माणूस काम पाहण्याऐवजी केवळ दर पाहतो.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात आमच्याकडून हीच चूक झाली. ज्यांच्या स्टुडिओत बसून आम्ही अल्बम पाहिले आणि ज्यांच्या हातात इसार दिला, ते गृहस्थ लग्नाच्या दिवशी दुसऱ्या कार्यालयात गेले आणि आमच्याकडे त्यांनी दोन मुलांना पाठवले. मुले कष्टाळू होती, सकाळपासून उभी होती, परंतु वधूचा मामा कोण, आत्या कोण, काकू कोण हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मामांनी बहिणीला हाताला धरून बोहल्यावर आणले तो क्षण त्यांनी मागून टिपला. सहाशेच्या वर छायाचित्रे आली, पण त्यांत मामांचा चेहरा समोरून एकदाही नाही. त्यानंतर नात्यातील सात-आठ लग्नांत छायाचित्रकार ठरवण्याचे काम मी आपणहून अंगावर घेतले. त्या अनुभवातून जे उपयोगी ठरले ते येथे मांडतो.

आधी कामाचा आवाका, मग दर

छायाचित्रकाराला "तुमचे पॅकेज केवढ्याचे?" असा पहिला प्रश्न विचारू नये. पॅकेज म्हणजे त्याच्या सोयीने बांधलेली मोट असते. तिच्यात आपल्याला नको असलेल्या गोष्टी असतात आणि हव्या असलेल्या एक-दोन नेमक्या नसतात. त्याऐवजी घरात बसून एका कागदावर आपले कार्यक्रम वेळेसह लिहून काढावेत. हळद आदल्या संध्याकाळी आहे की लग्नाच्याच सकाळी, सीमंतपूजन आहे का, अक्षता किती वाजता, वरात आहे का, स्वागत समारंभ त्याच कार्यालयात आहे की दुसऱ्या दिवशी वराच्या गावी, आणि गृहप्रवेश व सत्यनारायणाची पूजा टिपायची आहे का, हे सर्व त्यात यावे. हळद सकाळी साडेआठला आणि अक्षता दुपारी साडेबाराला असतील, तर जेवणे आणि पाठवणी धरून एका दिवसात सगळे आटोपते. तेच कार्यक्रम दोन दिवसांत पसरले की माणसांचे रोज दुप्पट होतात आणि खर्चही जवळजवळ दुप्पट होतो. पुष्कळदा रक्कम वाढते ती कॅमेऱ्यामुळे नव्हे, तर या पसाऱ्यामुळे.

त्याच कागदावर दोन्ही पक्षांचा विचार व्हावा, कारण आपल्याकडे सर्वाधिक पैसा येथेच वाया जातो. वधूपक्ष आपला छायाचित्रकार आणतो, वरपक्षही आपला आणतो, आणि अक्षतांच्या वेळी चार कॅमेरे व दोन शूटिंगवाले एकमेकांच्या आड येतात. एकाच्या चौकटीत दुसऱ्याचे डोके येते आणि पाहुण्यांना तर बोहलेच दिसत नाही. दोन्ही घरांनी मोकळेपणाने बोलून एकच चमू ठरवला, तर तेवढ्याच एकत्रित रकमेत अधिक चांगली माणसे मिळतात. मानपानाच्या कारणाने ते शक्य नसेल, तर निदान कामाची वाटणी करावी. एका पक्षाने विधींचे आणि स्टेजवरील नेहमीचे फोटो घ्यावेत, दुसऱ्याने कँडिड म्हणजे नकळत टिपलेले फोटो आणि चित्रफीत घ्यावी, आणि सगळा डेटा दोघांनाही मिळावा. हे बोलणे याद्या करण्याच्या बैठकीतच झाले तर कोणालाच अवघड वाटत नाही. नंतर मात्र त्याला रुसव्याफुगव्याचे स्वरूप येते.

आता रकमेची विभागणी. समजा, दोन्ही घरांनी मिळून ६०,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. हा आकडा बाजारभाव म्हणून नव्हे, तर हिशेबाची रीत समजावी म्हणून घेतला आहे. त्यातून प्रथम कराचा विचार करावा. छायाचित्रणाच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे ५०,००० रुपयांच्या कोटेशनवर ९,००० रुपये चढून देणे ५९,००० होते. सेवा व्यवसायात वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी बंधनकारक नसते, त्यामुळे लहान व्यावसायिकाच्या बिलात कर नसू शकतो. म्हणून सांगितलेली रक्कम करासहित आहे की कराशिवाय, हे पहिल्याच भेटीत विचारावे. त्यानंतर प्रवास, मुक्काम आणि जेवणाचा खर्च वेगळा काढावा. पुण्याहून चमू बोलावला तर प्रत्येक बाजूला सुमारे २५० किलोमीटर असे जाणे-येणे आणि एक मुक्काम आपल्याच माथी येतो, आणि तेवढ्या पैशात सोलापुरातील चांगल्या छायाचित्रकाराबरोबर आणखी एक सहायक मिळू शकतो. उरलेल्या रकमेतील मोठा वाटा त्या दिवशी प्रत्यक्ष उभ्या राहणाऱ्या माणसांसाठी ठेवावा आणि अल्बमसाठी त्याहून बराच कमी ठेवावा. अल्बम सहा महिन्यांनी किंवा पहिल्या वाढदिवसाला हातात पैसे आल्यावरही करता येतो. अंतरपाट मात्र पुन्हा धरता येत नाही.

ट्रॅडिशनल, कँडिड आणि बाकीचे शब्द

या व्यवसायात ट्रॅडिशनल म्हणजे समोर उभे करून, कॅमेऱ्याकडे पाहायला सांगून घेतलेली छायाचित्रे, तर कँडिड म्हणजे माणसाला न थांबवता, त्याच्या नकळत टिपलेली. आजकालच्या तरुण मुलामुलींना फक्त कँडिड हवे असते आणि त्यांची आवड मला समजते. परंतु आपल्याकडील लग्नाला सातशे-आठशे माणसे येतात, आणि त्यांतील बहुतेक वडीलधारी मंडळी स्टेजवर येऊन, आहेर किंवा आशीर्वाद देऊन, कॅमेऱ्याकडे पाहतात. अक्कलकोटहून किंवा मंगळवेढ्याहून उन्हातान्हात आलेल्या मावशींचा तो एकच फोटो असतो. म्हणून पैसे एकाच माणसापुरते असतील, तर विधी बारकाईने टिपणारा चांगला ट्रॅडिशनल छायाचित्रकार घ्यावा. थोडे अधिक असतील, तर कँडिडचा माणूस पूर्ण दोन दिवसांसाठी न घेता हळदीपासून पाठवणीपर्यंत एका दिवसासाठी घ्यावा.

चित्रफितीचेही तसेच आहे. पूर्ण लांबीचे शूटिंग, तीन-चार मिनिटांचा टीझर, पंधरा-वीस मिनिटांची हायलाइट फिल्म आणि रील ही चार वेगळी कामे आहेत आणि प्रत्येकाच्या एडिटिंगचे वेगळे पैसे लागतात. पूर्ण लांबीचे शूटिंग घरात फार वेळा पाहिले जात नाही हे खरे, पण मंगलाष्टके म्हणणाऱ्या आत्याचा आवाज तिथेच राहतो. त्यामुळे मी ते कधीही वगळू देत नाही. टीझर आणि रील मात्र बिनदिक्कत कमी करावेत.

क्रेन, एलईडी भिंत आणि ड्रोन यांवर काट मारायला हरकत नाही. ड्रोन हवाच असेल, तर एवढे लक्षात घ्यावे की ड्रोन नियम, २०२१ नुसार देशातील हवाई क्षेत्र हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या विभागांत वाटलेले आहे आणि विमानतळाच्या आसपास उडवण्यासाठी परवानगी लागते. आपला विमानतळ होटगी रस्त्यावर, शहराला लागून असल्यामुळे आपले कार्यालय कोणत्या विभागात येते हे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरील नकाशात आधी पाहावे, आणि २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र आहे का हेही विचारावे. शिवाय कार्यालयाच्या छताखाली होणाऱ्या लग्नात ड्रोनला टिपण्यासारखे फारसे नसते.

प्री-वेडिंगसाठी भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलावाचा काठ, संभाजी तलाव ही ठिकाणे सोलापूरकरांना आवडतात. तेथे व्यावसायिक चित्रीकरणास परवानगी लागते का, हे संबंधित कार्यालयात आधी विचारून घ्यावे, नाहीतर पहाटे उठून, नटूनथटून गेलेले दोघे तसेच परत येतात. बजेट आवळायचे असेल तर सर्वांत आधी हाच खर्च कमी करावा, असे माझे मत आहे.

काम कसे पाहावे

स्टुडिओत दाखवला जाणारा अल्बम म्हणजे पन्नास लग्नांतील वेचलेली छायाचित्रे असतात, आणि इन्स्टाग्रामवरही तेच असते. म्हणून छायाचित्रकाराला नम्रपणे विनंती करावी की, अलीकडच्या एका लग्नाचा संपूर्ण फोल्डर, निवड न केलेला, त्या कुटुंबाची हरकत नसेल तर समोर बसून दाखवावा. ते लग्न शक्यतो दुपारच्या अक्षतांचे आणि साध्या कार्यालयातील असावे. ज्याला आपल्या कामाची खात्री असते तो कुरकुर करत नाही.

त्या फोल्डरमध्ये पहिल्यांदा अंतरपाट दूर होतानाची छायाचित्रे शोधावीत. मंगलाष्टके संपतात, पाट बाजूला होतो, वाजंत्री सुरू होते, चहूकडून अक्षता पडतात आणि वधूवर एकमेकांकडे पाहतात. हे सगळे काही सेकंदांत घडते, आणि त्याच सेकंदांत पाहुण्यांचे मोबाईल पुढे येतात. हा क्षण ज्याने एकामागोमाग पाच-सहा छायाचित्रांत स्वच्छ पकडला आहे, त्याला कुठे उभे राहायचे हे कळते. त्यानंतर कन्यादान, लाजाहोम आणि सप्तपदी पाहावी. होमाच्या धुरात चेहरे धूसर झाले आहेत की धूर आणि चेहरा दोन्ही नीट आले आहेत, यावरून हात किती तयार आहे ते समजते.

प्रकाशाचा मुद्दा सोलापुरात विशेष महत्त्वाचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो आणि दुपारी साडेबाराचे ऊन थेट डोक्यावरून पडते. मोकळ्या लॉनवर अशा उन्हात डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळ्या सावल्या येतात. मांडवाचे कापड लाल किंवा पिवळे असेल, तर त्यातून गाळून आलेला रंग सगळ्यांच्या चेहऱ्यांवर बसतो. छायाचित्रकाराने अशा वेळी काय केले आहे ते फोल्डरमध्ये दिसते: फ्लॅश छतावर किंवा पांढऱ्या पडद्यावर मारून मऊ केला आहे का, वधूच्या शालूचा रंग खरा आला आहे का, हळदीच्या पिवळ्यात चेहरे बुडाले आहेत का. सजावटीतील जांभळे-निळे दिवे हे तर मोठेच संकट आहे, कारण चेहऱ्यावर पडलेला तो रंग नंतर एडिटिंगमध्ये पुरता निघत नाही. डेकोरेशनवाल्याला सांगून विधींच्या वेळी बोहल्यावर फक्त पांढरे किंवा पिवळसर उबदार दिवे ठेवावेत. यासाठी एक रुपयाही लागत नाही, आणि महागड्या लेन्सपेक्षा यानेच अधिक फरक पडतो.

मोठ्या कुटुंबाचे समूहछायाचित्र पाहायला विसरू नये. फार रुंद कोनाच्या लेन्सने जवळून घेतलेल्या फोटोत कडेला उभी असलेली माणसे ताणली जाऊन जाड दिसतात. जाणता छायाचित्रकार मागे सरकतो आणि दोन रांगा करतो. कॅमेऱ्याच्या नावापेक्षा दोन प्रश्न विचारावेत: "तुमचा कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवतो का?" आणि "ऐनवेळी कॅमेरा बंद पडला तर दुसरा बरोबर असतो का?" एक कार्ड खराब झाले तरी दुसऱ्यावर सगळे राहते, एवढी साधी ती सोय आहे.

आपल्या घरची पद्धत त्याला ठाऊक आहे का?

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे शेजारीशेजारी राहतात आणि प्रत्येकाच्या लग्नातील मुख्य क्षण वेगळा असतो. पद्मशाली कुटुंबांतील तेलुगू पद्धतीच्या लग्नात वधूवर एकमेकांच्या मस्तकावर जिरे-गुळाचा लगदा ठेवतात तोच मुहूर्त असतो. ज्याला हे ठाऊक नाही तो मंगळसूत्राची वाट पाहत उभा राहतो आणि मुहूर्त निघून जातो. तलंब्रालूच्या वेळी दोघे एकमेकांवर अक्षतांच्या ओंजळी उधळतात, तेव्हा अतिशय जिवंत छायाचित्रे मिळतात, परंतु त्यासाठी कॅमेरा जवळ आणि शटरचा वेग जास्त लागतो. लिंगायत घरांत जंगमांच्या, म्हणजे त्यांच्या पुरोहितांच्या, उपस्थितीत होणारे विधी आणि त्यांचा क्रम वेगळा असतो. निकाहाच्या वेळी वधू आणि वर बहुधा वेगवेगळ्या ठिकाणी बसलेले असतात, म्हणून दोन कॅमेरे लागतात, आणि स्त्रियांच्या बाजूला महिला छायाचित्रकार असेल तर सर्वांनाच मोकळे वाटते. बौद्ध पद्धतीच्या मंगल परिणयात वधूवरांची वस्त्रे पांढरी असतात, आणि प्रकाशाचे माप चुकले तर पांढऱ्यातील सगळी वीण उडून नुसता पांढरा डाग उरतो. आपल्याच समाजातील दोन लग्ने त्याने केलेली असतील, तर ती आवर्जून पाहावीत.

तारीख आणि इसार

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि आषाढी एकादशीपासून चातुर्मासात थांबतात. दाट तिथीला एकेका छायाचित्रकाराकडे तीन-तीन ऑर्डर असतात, आणि आमच्या बाबतीत घडले ते अशाच दिवशी घडते. अधिक महिना आला की मुहूर्त आणखी आवळले जातात. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ असल्याने ऐन उन्हाळ्यातील महिना मोकळा राहून त्याच्या आधी आणि नंतर गर्दी होणे साहजिक आहे. दाट तिथी असेल तर चार-पाच महिने आधी ठरवावे. तिथीबाबत घरात आग्रह नसेल, तर विरळ तिथीला किंवा आठवड्याच्या मधल्या वारी दर कमी करून मागण्यात काहीच गैर नाही. घासाघीस मात्र माणसे कमी करून नव्हे, तर अल्बमच्या शीट्स, टीझर, फोटो फ्रेम अशा वस्तू कमी करून करावी.

इसार देताना एका कागदावर मराठीतच करार लिहावा आणि दोघांनी सह्या कराव्यात. प्रत्यक्ष कोण येणार त्यांची नावे, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, वेळ वाढली तर तासाला किती, ठरलेला माणूस आजारी पडला तर बदली कोण, लग्नाची तारीख पुढे गेली तर इसाराचे काय, आणि फोटो, चित्रफीत व अल्बम प्रत्येकी किती दिवसांत मिळणार हे त्यात असावे. अल्बमच्या बाबतीत आकार, शीट्सची संख्या आणि वाढीव शीटचा दर लिहून घ्यावा. १२ बाय ३६ इंचाच्या तीस शीट्समध्ये दर शीटला पाच-सहा फोटो धरले तर जेमतेम दीडशे ते एकशे ऐंशी फोटो बसतात, आणि घरातील प्रत्येकाच्या आग्रहाने ती संख्या चारशेवर जाते. बिल वाढते ते तिथेच.

मालकी हक्काबद्दल पुष्कळांना माहिती नसते. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन ते काढून घेणाऱ्या ग्राहकाकडे असतो. म्हणून छापील करारात याच्या उलट काही लिहिले आहे का ते वाचावे, आणि आपली छायाचित्रे जाहिरातीसाठी किंवा समाजमाध्यमांवर वापरण्यापूर्वी विचारावे, अशी ओळ घालावी. घरातील मुलींचे फोटो न विचारता कुठेतरी झळकले की होणारा मनस्ताप मी पाहिला आहे. कबूल केलेले काम दिलेच नाही, तर लेखी कराराच्या आधारे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क लागत नाही.

पैसे तीन टप्प्यांत द्यावेत: थोडा इसार, लग्नाच्या दिवशी मोठा भाग, आणि उरलेले अल्बम हातात आल्यावर. सगळे आधी देऊ नयेत आणि लग्नाच्या दिवशीचा हप्ताही रखडवू नये, कारण त्याला त्याच संध्याकाळी आपल्या मुलांचे रोज द्यायचे असतात.

त्या दिवशी आणि नंतर

छायाचित्रकाराला दहा-पंधरा माणसांची यादी नात्यासह द्यावी आणि घरातील सर्वांना ओळखणारा एक मुलगा किंवा मुलगी अक्षतांपर्यंत त्याच्यासोबत ठेवावी. "हे मामा, हे आता वधूला घेऊन येतील, तुम्ही पुढे थांबा" एवढे एक वाक्य वेळेवर सांगणारे कोणी हवे. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत अशा आजी-आजोबांजवळ वधूवरांना खाली घेऊन जाण्याची वेळ आधीच ठरवून ठेवावी. चमूला पहिल्या पंगतीला नाही, तर पाहुण्यांची गर्दी ओसरल्यावर, पण आठवणीने जेवायला बसवावे. सकाळी सातपासून उभा असलेला माणूस चारच्या पाठवणीला उपाशी नसावा.

डेटासाठी स्वतःची १ टीबीची हार्ड डिस्क आधीच घेऊन ठेवावी. साधारण १०० एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने, केलेले फोर-के (अतिस्पष्ट) चित्रीकरण तासाला ४५ जीबी जागा घेते, म्हणजे दोन कॅमेऱ्यांचे चार तास ३६० जीबी होतात. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिळते ते एडिट केलेले, मूळ नव्हे. आठवडाभरात मूळ फोटो डिस्कवर घ्यावेत, त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवावी, आणि विवाह नोंदणीसाठी लग्नाच्या छायाचित्राची व पत्रिकेची मागणी होते म्हणून विधीचे दोन-तीन फोटो लगेच छापून घ्यावेत. अल्बमसाठीची निवड वधूवरांनी आणि प्रत्येक घरातील एकाच व्यक्तीने बसून पंधरा दिवसांत संपवावी. अल्बमला वर्ष लागल्याच्या ज्या तक्रारी माझ्या कानावर आल्या, त्यांतील निम्म्यांत निवडीचा कागद घरातच पडून होता.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी डिस्क संगणकाला लावून करारातील यादी हातात घ्यावी आणि एकेक नाव शोधावे: अंतरपाट, कन्यादान, सप्तपदी, दोन्हीकडच्या आज्या, करवली, आणि मामा समोरून.